खाणवस्ती ते चाकण

तिकिटावर छापलं होतं, खाणवस्ती ते चाकण. मी चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं. मी चढले होते बारव फाट्यावर. खाणवस्ती फाट्यापासून दोन किलोमीटर आत, बंद पडलेल्या दगडखाणीच्या पलीकडे, आणि ही बस तिकडे जातच नाही. पूर्वी जायची. फाट्यावरून आत वळायची, वस्तीतली माणसं घ्यायची, पुन्हा फाट्यावर यायची आणि मग चाकणच्या रस्त्याला लागायची. तीन महिन्यांपूर्वी तो वळसा बंद झाला. बंद झाला काय म्हणतेय, मी बंद केला. मी, इफ्फत कादर शेख, बस खात्याची वाहतूक नियोजक, माझ्या सहीनं. कारण दीड वर्षाची तिकिटं तपासली तर खाणवस्तीच्या थांब्यावर चढलेल्या माणसांचा आकडा शून्य होता. थोडी नाही, कमी नाही, शून्य. आणि सकाळी सव्वाआठ वाजता त्याच थांब्याचं ताजं तिकीट माझ्या हातात होतं.

आधी वाटलं, कंडक्टरनं चुकीचं बटण दाबलं असणार. मग राग आला. चुकीच्या बटणांचा मला राग येतो, त्याला मी तरी काय करू, जन्म त्यातच गेला. खात्याची गाडी फाट्याजवळ तापून बंद पडली होती, ड्रायव्हर बॉनेट उघडून नुसता बघत उभा होता, दहाला चाकणला बैठक होती आणि समोरून माझीच बस आली. माझीच म्हणायची सवय लागलीय. तिचा मार्ग मी आखला, वेळा मी बसवल्या, आणि तिच्यात पाय ठेवून मला दीड वर्ष झालं होतं. मोठ्या कौतुकानं हात केला. फाट्यावर चाळीसेक बायका उभ्या होत्या, त्यांच्या रेट्यात मीही आत गेले. कंडक्टरनं माझ्याकडे एकदा पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, मशीनवर बोट दाबलं आणि तिकीट फाडून दिलं. मी फक्त 'चाकण' म्हणाले होते.

आळंदी फाटा मागे पडला आणि बस थांबली ती थांबलीच. पुढे नव्याकोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, मागे कंटेनर, आणि डाव्या अंगाला पाण्याचा टँकर इतका चिकटून की दार उघडलं असतं तरी माणूस बाहेर पडला नसता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पंखा नाही, वारा नाही. माझ्या खांद्याला कुणाचा तरी डबा टोचत होता, गुडघ्यावर लॅपटॉपची बॅग होती आणि सगळ्या बसमध्ये जळक्या रबराचा वास भरला होता. तो वास शेजारच्या बाईच्या हातांना होता. बोटांच्या पेरांत काळं रुतून बसलेलं. मी बघतेय हे तिनं बघितलं. म्हणाली, "रबराचे सील असत्यात गाडीचे, त्यांच्या कडा ब्लेडनं काढायच्या. किती बी धुवा, जात न्हाई." तिचं नाव कस्तुरा. लातूरकडची, नऊ वर्षं खाणवस्तीत राहते. मी तिला तिकीट दाखवलं. म्हटलं, कंडक्टरनं चुकीचं दिलं वाटतं.

"चुकीचं न्हाई ताई. आमी समद्याच तिथलं काढतो."

"पण बस तिथे जात नाही ना?"

"न्हाईच जात. चालत येतो की फाट्यापातुर. सातला निघायचं."

"मग तिथलं तिकीट कशाला काढता? दहा रुपये जास्त जातात."

"जात्यात, काय करता. मशीनला कळाय पायजे ना, आमी हाये म्हणून."

असं काही ऐकलं की माणूस लगेच दचकतो वगैरे ते खोटं. मला आधी नुसती चीड आली. कुणी सांगितलं यांना असलं काही करायला? मी तिला तेच विचारलं, जरा वरच्या आवाजातच. कस्तुरा पुढे वाकली, आवाज खाली आणला. कोंडाजी काकांनी सांगितलं, म्हणाली, ह्याच कंडक्टर काकांनी, ह्या बसला कायम तेच असतात. लई भला माणूस. बस वस्तीत यायची तेव्हा काका वस्तीत तिकीट फाडायचेच नाहीत. बायकांना बसवून घ्यायचे, बस फाट्यावर परत आली की मशीन पुढच्या टप्प्यावर न्यायचे आणि मग सगळ्यांना फाट्यापासूनचं तिकीट द्यायचे. एक टप्पा वाचायचा. जाता-येता वीस रुपये. सहा वर्षं असे पैसे वाचवले त्यांनी आमचे. आणि मग कळलं की मशीनमध्ये वस्तीचं कुणी दिसतच नाही म्हणून बस काढली. तेव्हापासून काका म्हणाले, आता उलटं करा, पैसे गेले तर गेले, तिथलंच तिकीट काढा. कधी ना कधी वरच्यांना दिसेल. "कुणाला सांगू नका हां ताई, त्यांची नोकरी जाईल. हापिसात कोण मॅडम हाय म्हणं, तिनं कॉम्प्युटरवर बघून बंद केली. त्या बयेला एक दिवस चालवा म्हणावं ह्या रस्त्यानं, ह्या चपलांनी." तिनं पाय थोडा पुढे केला. चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता. टाचेला भेगा होत्या आणि भेगांत खाणीची पांढरी धूळ. मी पाय मागे ओढून घेतले, माझे.

माझ्या अहवालात एक वाक्य आहे. मला ते तोंडपाठ आहे, कारण मला ते आवडलं होतं. फाट्यावर माणसं भरभरून चढतात आणि वस्तीत कुणीच चढत नाही, याचा अर्थ लावताना मी लिहिलं होतं, 'वस्तीतील रहिवासी फाट्यापर्यंत चालत येणे पसंत करतात.' पसंत करतात! तीन महिने मीच त्यांना चालायला लावलं, आणि पसंती कुणाची म्हणे, तर त्यांची. बसमध्ये हवा नव्हती. खिडकीची काच अर्ध्यावर अडकली होती, ती मी दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही.

दापोडीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा होता. अब्बांचं छोटं गॅरेज, आणि अम्मी घरी स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायची. आठवड्यातून दोनदा गठ्ठा घेऊन पिंपरीच्या बाजारात जायची, मला बरोबर घेऊन. एक दिवस थांबा गायब. खांबसुद्धा उपटून नेला होता. तो निघाला एका पुढाऱ्याच्या नव्या मंगल कार्यालयासमोर, आमच्यापासून अकरा मिनिटं, मी मोजली होती. गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला होता म्हणे. अब्बांचीही सही होती त्यावर, आणि आपण सही केलीय हे अब्बांना त्याच दिवशी कळलं. ते हसले होते. अम्मी, खैरुन्निसा तिचं नाव, हसली नव्हती. तिनं गठ्ठा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "अपनी गिनती कौन करता, बेटा. चल." सात वर्षांची होते मी. मला वाटतं माझी सगळी नोकरी त्या एका वाक्याला उत्तर देण्यात गेली. अम्मी, मी करते ना गिनती, असं.

म्हणूनच तो नियम केला. थांबा द्यायचा की काढायचा ते फक्त मशीनमधल्या तिकिटांवरून ठरेल. अर्ज नाही, सह्या नाहीत, कुणी रस्त्यात उभं राहून हातानं मोजलेले आकडे तर नाहीच नाहीत. पुढाऱ्यांनी थयथयाट केला. रणजीत नावाचा एकजण आहे, मोशीतल्या पोहण्याच्या तलाववाल्या एका सोसायटीचा अध्यक्ष, तो दोनदा चारशे सह्या घेऊन आला होता. तिथल्याच कचरा डेपोमागच्या वस्तीतून सकाळी साडेसहाला जी बस सुटते, पोरी जिच्यातून शाळेला जातात, ती त्याला आपल्या गेटवर हवी होती. मी त्याच्यापुढे आकडे ठेवले. वस्तीतून एकशे बारा, त्याच्या गेटवर नऊ. गेला गुमान. त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. अशा सदतीस बस सुरू केल्या मी त्या नियमाच्या जोरावर, ज्या वस्त्यांची नावं कुणी नकाशावर लिहीत नाही तिथून. मग कंडक्टरांना शिकवायला उभी राहिले, पाचशे माणसं हॉलमध्ये, आणि माइकवरून सांगितलं, मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. टाळ्या पडल्या होत्या. आता आठवलं की कान तापतात.

मी लॅपटॉप उघडला. फोनवरून नेट जोडलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे. ज्या थांब्यावर बस गेलीच नाही त्या थांब्याचं तिकीट निघालं तर ते चुकीचं समजून बाजूला काढायचं. ती तिकिटं एका फोल्डरमध्ये जाऊन पडतात. त्याचं नाव मी ठेवलं होतं 'कचरा'. तीन महिन्यांत मी तो एकदाही उघडला नव्हता, कचरा कोण उघडून बघतं? उघडला. खाणवस्ती, एक्केचाळीस. खाणवस्ती, त्रेचाळीस. अडतीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. बोटानं खाली खाली ओढत गेले, संपेचना. मध्येच एक शून्य, मग सहा दिवस आकडे, मग पुन्हा शून्य. मी तारखा बघितल्या. सगळे गुरुवार. गुरुवारी या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी. अगं बाई, चूक कधी गुरुवारची सुट्टी घेते का? रोज सकाळी ह्या बायका दोन किलोमीटर चालत येत होत्या, न केलेल्या प्रवासाचे पैसे मोजून आम्ही आहोत असं सांगत होत्या, आणि मी त्यांना रोज कचऱ्यात टाकत होते. कस्तुरा स्क्रीनकडे बघत होती. तिला वाचता येतं की नाही मला माहीत नाही. मी झाकण मिटलं.

सांगायला काय लागतं, असं कुणी म्हणेल. मीही म्हणून बघितलं. दहाच्या बैठकीत बंद थांब्यांची वर्षाची यादी कायम होणार होती आणि सोमवारपासून मशीनमधून खाणवस्ती हे नावच पुसलं जाणार होतं. मग ह्या बायकांना हे महागाचं तिकीटही मिळालं नसतं. म्हणजे सांगायचं तर आजच. पण काय सांगायचं? जुना शून्य खोटा आहे? कशावरून? कंडक्टरनं कमी टप्प्याचं तिकीट दिलं म्हणून. आमच्याकडे त्याला दया म्हणत नाहीत, अपहार म्हणतात. निलंबन, चौकशी, निवृत्तीची रक्कम अडकते. बरं, नवी तिकिटं दाखवावीत, तर ती न केलेल्या प्रवासाची, तीही खोटीच, आणि प्रत्येकावर कंडक्टरचा नंबर. नवं सर्वेक्षण करू, फाट्यावर माणूस उभा करून मोजू म्हणावं, तर हातानं मोजलेले आकडे चालत नाहीत हा नियम कुणाचा? इफ्फत मॅडमचा. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि बसमध्ये दोन्हीची सोय नव्हती. टँकरमधून पाणी ठिबकत होतं. ते थेंब बराच वेळ मोजले. सवय.

कोंडाजी माणसांतून वाट काढत मागे आले. साठीला टेकलेला माणूस, खाकी शर्टाची कॉलर उलटून शिवलेली, मिशा पांढऱ्या. माझ्या सीटच्या दांडीला धरून उभे राहिले. कस्तुरा तोवर मान टाकून झोपली होती. "पानी पायजे का म्याडम?" मी नको म्हटलं. मग लक्षात आलं, बाकी कुणाला त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्ही ओळखता मला?"

"व्हय. फाट्यावरच वळखलं. तुमी आमाला शिकवाया आला हुता. मशीन खोटं बोलत न्हाई म्हनला हुता."

"आणि तरी मला हे तिकीट दिलंत?"

"म्हनून तर दिलं." त्यांनी तिकिटाच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. "माजा नंबर हाय त्येच्यावर. रिटायर व्हाया अकरा महिनं ऱ्हायलं माजं. त्येंचं भलं कराया ग्येलो अन् त्येंचा थांबाच ग्येला. घरी बी सांगितलं न्हाई कुनाला. जेवन जात न्हाई म्याडम."

"आधी का नाही आलात ऑफिसात?"

"भ्यालो," ते म्हणाले. एवढंच. मग दांडीवरचा हात बदलून, "आता तुमी बगा. मला काय सुदरत न्हाई."

मला त्यांचा संताप आला, खरं सांगते. भल्या माणसाचा येतो तसा. सहा वर्षं पुण्य करायचं, त्याचा गुंता व्हायचा आणि तो माझ्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. तोंडावर म्हणणार होते, तुम्ही सरळ तिकीट फाडलं असतंत तर आज यातलं काही झालं नसतं. पण त्यांच्या हातातल्या मशीनकडे लक्ष गेलं. त्याला जुन्या मोज्याची खोळ शिवलेली होती, घाम लागून बटणं बिघडू नयेत म्हणून. बटण चुकू नये म्हणून माझ्याइतकीच काळजी घेणारा माणूस. कुठेतरी पुढे ट्रेलर हलला, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, बायका जाग्या झाल्या आणि 'आता अर्धा दिवस कापणार बघ' म्हणून एकमेकींना सांगू लागल्या. उतरताना कस्तुरानं माझ्या दंडाला हात लावला. "ताई, परत ह्या बसनं आलात तर तिथलंच तिकीट मागा हां. तेवढीच एक वाढली."

बैठकीला दहा मिनिटं उशीर झाला. साहेब, म्हणजे आमचे खातेप्रमुख, टेबलाच्या टोकाशी होते, शेजारी टिपणं घेणारा क्लार्क, कारखानदारांच्या संघटनेचे दोघं, आणि भिंतीकडेला खुर्ची टाकून रणजीत. तो अशा प्रत्येक बैठकीला असतो. खोलीत गारवा होता, इतका की घामेजलेली पाठ आखडली. साहेब यादी वाचत होते. प्रत्येक नावाला माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, पुढचं नाव. त्यांना माझी मान पुरायची, बावीस वर्षांची मान होती ती. मुठीत तिकीट होतं. मी अंगठ्यानं त्याची खालची कड चाचपत होते, नंबराची. ती फाडली असती तर पुरावा गेला असता, ठेवली असती तर माणूस.

"खाणवस्ती, शून्य. नाव काढून टाका. पुढे."

"थांबा, साहेब."

बोलायला लागले तेव्हाही काय बोलणार ते पुरतं ठरलं नव्हतं. तिकीट पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिले. म्हणाले, "खाणवस्तीचा शून्य चुकीचा आहे. फाटा आणि वस्ती जवळ असल्यानं माझ्या प्रोग्रॅमनं दोन्ही एकच धरले. फाट्याच्या आकड्यात वस्तीची चाळीस माणसं मिसळलीत. मशीनची चूक नाही, कंडक्टरची नाही. चूक माझी आहे." आयुष्यात आकड्यांबद्दल मी बोललेलं हे पहिलं खोटं. सोपं गेलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इफ्फतबाई, तुम्ही?" म्हणाले. रागावले नाहीत, ओशाळल्यासारखे झाले, त्याचंच जास्त लागलं. मग म्हणाले, "ठीक आहे, माणूस आहे, चुकतो. खाणवस्तीचा वळसा सोमवारपासून पुन्हा सुरू. लिहून घ्या." क्लार्कनं लिहून घेतलं. पेन कागदावर फिरताना मी बघितलं, शेवटच्या टिंबापर्यंत. सोमवारी सातला निघायला नको, साडेसातला निघा गं, असं कस्तुराला सांगावंसं वाटलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रणजीतनं बॅगेतून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवली. चारशे सह्या, त्याच निळ्या शाईच्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. "साहेब, मॅडमबद्दल आदर आहे," तो म्हणाला, "पण प्रोग्रॅम एका ठिकाणी चुकला म्हणजे सगळ्याच ठिकाणी बघायला हवा की नाही? सदतीस मार्ग त्याच्यावर चाललेत. निदान तोवर लोकांचे अर्ज तरी घ्या." कारखानदारांचे दोघं मान हलवत होते. साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आता ते टाळता येणार नाही," म्हणाले, "अर्ज घ्या. सगळे मार्ग फेरतपासणीला लावा. लिहून घ्या." क्लार्कनं लिहून घेतलं. मी उभीच होते. बसायचं असतं हे विसरले होते. कचरा डेपोमागच्या वस्तीतली एक पोर दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधते आणि रोज पहिली चढते, तिचं नाव मला कधीच विचारायचं सुचलं नाही.

रणजीत दाराशी जाऊन वळला. आवाजात खवचटपणा नव्हता, उलट माया होती. "मोशीच्या त्या पोरींच्या बसचे आकडे तरी बरोबर आहेत का हो, मॅडम?"

"बरोबर आहेत," मी म्हणाले. "एकशे बारा."

कुणी लिहून घेतलं नाही.